रंगीत तालमीतला खरा ताप

किंजलला पेशंट व्हायचं होतं. खरंखुरं आजारी पडायचं नव्हतं, नाटकातलं.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलातली ही गोष्ट. करोनाने पुन्हा जरा डोकं वर काढलं होतं, आणि रुग्णालयांना एक दिवस ठरवून तयारी तपासायला सांगितलं होतं. ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत येते, ऑक्सिजन चालतो का, खाटा तयार आहेत का, सगळं करून बघायचं, घड्याळ लावून. सरकारी कागदावर त्याला मॉक ड्रिल म्हणतात. आमच्या डॉक्टर चंद्रकांता मॅडम त्याला रंगीत तालीम म्हणत.

मी मेघाली. तारापूरच्या बाजूच्या एका लहानशा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, शिरगावहून रोज स्कूटीने येते. तेव्हा नोकरीला लागून आठच महिने झाले होते, आणि मॅडमनी तालमीत मुलांच्या तपासणीचं टेबल मला देऊन टाकलं होतं. मॅडम स्वतः मुलांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "या वेळी पेशंट लहान मूल ठेवू. मोठ्यांचं सगळ्यांना येतं. मुलाला तपासताना आपली खरी परीक्षा."

"मग मूल कुठून आणायचं?" मी विचारलं.

ॲम्ब्युलन्स चालवणारे शैलेशदादा दारातच उभे होते. ते लगेच पुढे झाले. "आमची किंजल हाय ना, मॅडम! सात वर्षांची हाय. गॅदरिंगला पयलं बक्षीस घेतलंय तिनं."

शुक्रवारी किंजल सरावाला आली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि हातात वही. मी तिला कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं: ताप एकशे दोन, श्वास मिनिटाला अठ्ठेचाळीस, ऑक्सिजन नव्वद, मूल पाणी घेत नाही, गुंगीत आहे. तिने प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारले.

"जोरात श्वास म्हणजे धावल्यावर लागते तशी धाप?"

"तशीच. पण धावल्याशिवाय. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते."

तिने फ्रॉकवरून बरगड्या चाचपून बघितल्या. "ते मला नाही जमणार. बाकी सगळं जमेल. ओठ निळे होतात का?"

"खूप आजारी मुलाचे होतात. ओठ, नखं."

हे तिने वहीत लिहून घेतलं. निघताना माझा हात धरून म्हणाली, "मेघालीताई, ऑक्सिजनचा मास्क खरा लावणार ना? नळीवाला?"

"खरा, नळीवाला," मी म्हटलं. ती नाचतच गेली.

सोमवार उजाडला. सगळ्यांची नुसती लगबग. वॉर्डबॉय सिलिंडर ढकलत होते, फार्मसीतली सुलू तिसऱ्यांदा औषधं मोजत होती. कोळगावच्या जिल्हा कार्यालयातून एक निरीक्षक आले होते. उंच, शांत माणूस, गळ्यात स्टॉपवॉच. त्यांनी टेबलाशेजारी खुर्ची घेतली, फॉर्म मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मी काही बोलणार नाही. फक्त वेळ लिहिणार."

अकराला फोन गेला. नवापूर नाक्यावरून ॲम्ब्युलन्स निघाली. आम्ही सगळे पोर्चमध्ये, मास्क, हातमोजे, टोप्या घालून. सायरन लांबून ऐकू आला तसा अंगावर काटा आला. खोटं आहे हे माहीत असूनही!

"सात मिनिटं वीस सेकंद," निरीक्षक म्हणाले.

स्ट्रेचर बाहेर आलं आणि मी बघतच राहिले. काय ती पोरगी! गाल लालबुंद, डोळे तांबारलेले, केस कपाळाला चिकटलेले. नखं चक्क निळी. तोंड उघडं टाकून ती धापा टाकत होती. एका कंपाउंडरने तर टाळीच वाजवली, मग स्वतःच ओशाळला.

शैलेशदादा स्ट्रेचरसोबत धावत होते आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता. "बगितलंत ना सिस्टर? सकाळपासून भूमिकेत हाय. उठल्या उठल्या म्हनली, बाबा, डोकं दुखतं. मी म्हनलो, वा! अगदी असंच बोलायचं!"

आम्ही तिला टेबलावर घेतलं. निरीक्षकांनी स्टॉपवॉच पुन्हा सुरू केलं. कागदाप्रमाणे मी आकडे मोठ्याने वाचायचे, मॅडमना हाक मारायची, त्यांनी ऑक्सिजन सांगायचा. मी कपाळावर हात ठेवला. तेही कागदात होतं.

हातमोज्यातूनसुद्धा चटका लागला.

उन्हातून आली असेल, मला वाटलं. एप्रिलचं ऊन, पत्र्याची गाडी. इतक्यात किंजलने मान माझ्याकडे वळवली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, डोळे खाजतात."

डोळ्यांचं कागदात काहीच नव्हतं.

"बाम लावलास का डोळ्यांखाली?"

"थोडा. लाल दिसायला." मग जरा थांबून, "पण रात्रीपासून खाजतात. बाम सकाळी लावला."

मी काखेत थर्मामीटर सरकवला. मागून शैलेशदादा म्हणाले, "गालाला तिच्या आईची लिपस्टिक हाय, सिस्टर. रुचिताने चोळून दिली." म्हणजे गाल खोटे, डोळे अर्धे खोटे. खरं काय होतं मग?

"सिस्टर," निरीक्षक सौम्यपणे म्हणाले, "ताप एकशे दोन लिहिलाय ना? वाचा. वेळ चालू आहे."

थर्मामीटर वाजला. एकशे एक पॉइंट सहा.

"सर, कागदावरचा नाही," मी म्हटलं, "हिचा स्वतःचा ताप आहे. खराच आहे."

 मग सगळे एकदम बोलायला लागले. मी किंजलच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा थरथरला आणि थांबला. सत्याऐंशी.

"सत्याऐंशी!" कुणीतरी ओरडलं. वॉर्डबॉयने सिलिंडर पुढे ढकलला. शैलेशदादांनी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली.  कागदावरच्या आकड्यापेक्षाही कमी! पण समोर किंजल होती, आणि ती सिलिंडरकडे अशा आशेने बघत होती की मला शंका आली. सत्याऐंशी ऑक्सिजन असलेलं मूल सिलिंडर बघून खूश होत नाही.

मी तिचं बोट उलटं केलं. "नखांना काय लावलंस?"

"स्केचपेन. निळं."

नखावर रंग असला की ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो. पायाची नखं रंगवायचं तिला सुचलं नव्हतं. मी तिचा बूट काढला, मोजा ओढला, अंगठा चोळून गरम केला आणि ऑक्सिमीटर तिथे लावला. आकडा लगेच वाचायचा नसतो. ठोके नीट दिसेपर्यंत धीर धरायचा असतो. 

त्र्याण्णव. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. आणि सत्त्याण्णववरच राहिला.

"सत्त्याण्णव!" या वेळी मीच ओरडले.

तेवढ्यात चंद्रकांता मॅडम आल्या. मी भराभर सगळं सांगितलं. त्यांनी किंजलच्या गालावरून बोट फिरवलं, बोटावर आलेली लिपस्टिक बघितली आणि मला म्हणाल्या, "टेबल तुझं आहे. पुढे कर. श्वास किती?"

मी घड्याळ धरलं. किंजलने माझ्याकडे पाहिलं आणि जोरात धापा टाकायला लागली. बावन्न.

"किंजल, राणी, नाटक थांबव आता. खरं मोजायचंय."

"नाही थांबवणार," ती धापा टाकत म्हणाली. "अजून मास्क कुठे लावलाय?"

शैलेशदादा दरडावायला पुढे आले. मी त्यांना हाताने थांबवलं. रडली तर श्वास आणखी वाढणार, मग तासभर खरा आकडा मिळणार नाही. मुलाचा श्वास शांत असतानाच मोजायचा, हे मॅडमनीच माझ्याकडून घोकून घेतलं होतं. या पोरीला शांत कसं करायचं? माझी नजर हातातल्या कागदावर गेली आणि एकदम सुचलं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "पण आता पुढचा प्रवेश आलाय. गुंगीचा. डोळे मिटायचे, हात सैल सोडायचे, काही बोलायचं नाही. जमेल?"

"सोप्पं आहे!" म्हणून तिने डोळे मिटले, हात टेबलाखाली लोंबकळत सोडले. मी फ्रॉक थोडा वर केला. झोप नाटकातली, पण पोट खरं हलत होतं. निरीक्षक खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी आले. त्यांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि अंगठा उचलून मला खूण केली. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. अख्खी खोली त्या छोट्या पोटाकडे बघत होती.

"चौतीस," मी म्हटलं.

"मीही चौतीसच मोजले," निरीक्षक म्हणाले. काही न बोलणारा माणूस!

चौतीस या वयाला जास्तच. तिसाच्या आत हवेत. पण तापात श्वास वाढतो. बरगड्यांमधली कातडी आत जात नव्हती, नाकपुड्या शांत होत्या, ओठ गुलाबी होते. आता राहिलं एकच: मूल खातं-पितं का, शुद्धीत आहे का.

"किंजल, पाणी घे बरं."

मान ठाम हलली. नाही. कागदात लिहिलंच होतं, पाणी घेत नाही. आता हा नकार तिचा स्वतःचा की नाटकातला, कसं ओळखायचं? शैलेशदादा रडवेले झाले. "सकाळी पन नाय घेतलं काय, सिस्टर. चहा तसाच ठेवला."

माझ्या डब्याच्या पिशवीत ताडगोळे होते. सकाळी माझ्या आईने वाडीतून काढून दिलेले. मी सुलूला ते आणायला पिटाळलं आणि किंजलच्या कानाशी म्हटलं, "बरं, पाणी नको. ताडगोळा?"

एक डोळा उघडला. "सोललेला?"

खोलीत असा काही हशा पिकला! मॅडमसुद्धा मास्कच्या आत हसत होत्या. पोरगी उठून बसली आणि तिने दोन ताडगोळे रस गळू देत खाल्ले. मग अर्धा ग्लास पाणीही प्यायली, भूमिका पार विसरून.

वजन करून मॅडमनी तापाचं औषध दिलं. मग करोनाची नाकातली चाचणी. काडी नाकात गेली तशी किंजल किंचाळली, "हे कागदात नव्हतं!" पंधरा मिनिटं आम्ही त्या पट्टीभोवती उभे होतो. पहिली रेघ आली. मग तिच्या शेजारी, आधी पुसट आणि मग स्पष्ट, दुसरी.

हशा थांबला. नशीब, तालमीसाठी का होईना, सगळ्यांचे मास्क नीट बसलेले होते. शैलेशदादा भिंतीला टेकून खाली बसले. दोन लाटांत त्यांनी किती माणसं आणली होती, आणि किती परत नेली नव्हती.

"मला पोर सांगत होती, डोकं दुखतं," ते म्हणाले. "आनि मी वा म्हनलो."

मॅडम त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "शैलेश, इकडे बघ. नीट ऐक, कारण घरी हे तुलाच करायचंय. बहुतेक मुलांना हा ताप येतो आणि जातो. हिचं काय चांगलं आहे? ऑक्सिजन चांगला आहे, खातेय, पितेय, भांडतेय. तू काय बघायचंस? ताप उतरलेला असताना, शांत बसलेली असताना, एक मिनिट श्वास मोजायचा. तिसाच्या वर गेला, छाती आत ओढायला लागली, ओठ निळे झाले, उठवून उठत नाही, पाणी घेत नाही, सात-आठ तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी मला फोन न करता सरळ गाडी काढायची. ताप तीन दिवसांत गेला नाही तर मला दाखवायचं. आणि बरी झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात पुन्हा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल असं झालं, तर तेही अंगावर काढायचं नाही."

"परत सांगा," शैलेशदादा म्हणाले. त्यांनी हातावर पेनने लिहून घेतलं.

पाऊण तासाने ताप शंभरावर आला. आम्ही पुन्हा श्वास मोजले, निरीक्षकांनी आणि मी, दोघांनी मिळून. चोवीस! मी जवळजवळ उडीच मारली. निरीक्षकांनी फॉर्मवर काय लिहिलं, ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही, पण रकाने अपुरे पडले म्हणून ते मागच्या बाजूला लिहीत होते.

एकटी किंजल नाराज होती. "म्हणजे मास्क नाहीच?"

"तुला गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग मी पेशंट म्हणून नापास?"

 मला तर हसावं की तिला कुशीत घ्यावं, हेच कळेना. कुशीत घेता येत नव्हतं.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ शैलेशदादांचा फोन यायला लागला. "सव्वीस, सिस्टर." "चोवीस, सिस्टर." एकदा म्हणाले, "अडतीस!" माझ्या हातातला ट्रे निसटता निसटता राहिला. मागून किंजलचा आवाज आला, "बाबा, मी बोलत असताना मोजायचं नसतं!" पुन्हा मोजले. बावीस. बुधवारी रात्री ताप गेला, गुरुवारी आलाच नाही.

पण खरी धांदल शुक्रवारी उडाली. दुपारी फोन रुचिताचा, किंजलच्या आईचा. हे कुटुंब बोईसरला चाळीत राहतं. शेजारी कारखान्यात काम करणारं एक जोडपं आहे, बिहारकडचं, त्यांचा चौदा महिन्यांचा मिथुन.

"मेघालीताई," ती धापा टाकतच बोलत होती, "मिथुनला दोन दिवस ताप हाय. त्याची आई म्हनते, बस सर्दी है. मी मास्क लावून दारातूनच बगितला. झोपलाय तो, शांत हाय. पूर्न मिनिट मोजला. छप्पन्न. परत मोजला. छप्पन्न. आनि बरगड्यांखाली असा खड्डा पडतोय, ताई. दर श्वासाला."

या वयाला चाळिसाच्या आत हवेत. "दूध पितोय का?"

"सकाळपासून नाय."

"गाडी निघतेय," मी म्हटलं, आणि व्हरांड्यातून पळतच सुटले. शैलेशदादा घरी अडकलेले, म्हणून दुसरा ड्रायव्हर होता. मी स्वतः गाडीत चढले. चाळीच्या तोंडाशी रुचिता रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवत होती. मिथुनची आई बाळाला कवटाळून विचारत होती, "इतना क्या हो गया, दीदी? इतना क्या हो गया?" मी बाळाचा पाय हातात घेऊन ऑक्सिमीटर लावला. एक्क्याण्णव.

या वेळी मास्क लावला. नळीवाला, सगळ्यांत छोटा. परतीच्या वाटेवर मी त्याच्या नाकपुड्यांवरून नजर हटवली नाही. पोर्चमध्ये मॅडम उभ्याच होत्या, आणि सोमवारी आम्ही जे जे करून बघितलं होतं, ते सगळं हाताने आपोआप होत गेलं. सिलिंडर कुणी आणला, पत्रक कुणी भरलं, मला आठवतही नाही. चाचणीत दोन रेघा आल्या.

तीन दिवस बाळ ऑक्सिजनवर होतं. शनिवारी रात्री श्वास पन्नासवर, रविवारी त्रेचाळीस. सोमवारी सकाळी मी ड्यूटीवर आले तर मिथुनने मास्क ओढून काढला होता आणि आईच्या हातातलं बिस्कीट मुठीत धरून चुरा करत बसला होता. मी दारातच थांबून लांबून मोजलं. चौतीस. छाती कुठेही आत जात नव्हती. त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि भीत भीत विचारलं, "दीदी, गिनती ठीक है?"

"एकदम ठीक है!" मी म्हटलं, आणि मॅडमना सांगायला धावत सुटले.